मागच्या खोलीतला हुक

"वायर कुठी गेली याची?"

पलंगावर स्टूल, स्टुलावर रुपचंद वायरमन आणि रुपचंदच्या डोक्यावर दोन्ही हातांनी धरलेला पंखा, अशी ती रचना होती. बाहेर मे महिना होता. आत मागच्या खोलीत त्याहून थोडा जास्त मे महिना होता.

"नाही त्याले वायर," खालून स्टुलाचे पाय धरून त्याची बायको, इंदिराबाई म्हणाल्या. "खोक्यावर लिहेल हाये ना. बिनावायरचा."

"लिहिनारा काहीबी लिहीन. वायर नाही तर फिरन कशावर?"

"बॅटरीवर. तुमच्यासारखा नाही तो, दर घंट्याले चहा मांगनारा."

रुपचंदनं पंखा उलटासुलटा करून पाहिला. पाती ताटाएवढी, अंग पांढरं गुळगुळीत, पोटात बॅटरी आणि बाजूला चार्जिंगचं एक बारीक भोक. आयुष्यभर पंखा हातात घेतला की आधी वायर चाचपायची, मग बाकीचं, ही त्याच्या बोटांची सवय. बोटं बिचारी भोकाभोवती फिरून रिकामी परत आली.

जळगावच्या मेहरूण भागातली निम्मी घरं रुपचंदनं टांगलेल्या पंख्याखाली झोपायची. उरलेली निम्मी, त्यानं 'उद्या येतो' म्हणून सांगितल्यामुळे जागी असायची. पण त्याच्या स्वतःच्या घरातल्या मागच्या खोलीत वीज पोचलेली नव्हती. स्लॅब पडला त्या दिवशी त्यानं हौसेनं पंख्याचा हुक बसवला होता. वायरीचा पाइपही टाकणार होता, पण नेमकी कुणाची तरी पाण्याची मोटर जळाली आणि तो तिकडे धावला. परत आला तोवर स्लॅब वाळला होता. 'घरचंच हाये, कवाबी करू,' असं त्यानं म्हटलं, आणि पुढची सतरा-अठरा वर्षं तो तेच म्हणत राहिला.

हुक मात्र बेकार बसला नाही. त्याला लसणाच्या जुड्या टांगल्या जायच्या. रावेरकडच्या साडूनं पाठवलेला केळीचा घड पिकायला टांगला जायचा. मुलगी सारिका दहावीला होती तेव्हा डोक्यावर ओला टॉवेल घेऊन त्याच घडाखाली अभ्यासाला बसायची. आधी घड पिकला, मग ती पास झाली. पंखा बारावीला नक्की होता, नंतर लग्नाला नक्की होता. लग्नात मांडवातले सगळे पंखे रुपचंदनं लावले. मागच्या खोलीत वऱ्हाडाच्या बॅगा ठेवल्या होत्या, आणि बॅगांना उकडत नाही.

आता सारिका पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती.

ती येण्याआधी भिंत फोडून वायरिंग उरकायचं, असं त्यानं पक्कं ठरवलं होतं. छिन्नीला धारही लावली होती. पण धुळ्याहून जळगावला येणारी ओळखीची गाडी मिळाली म्हणून जावईबापूंनी, स्वप्नीलनं, तिला आठवडाभर आधीच आणून सोडलं. इंदिराबाईंनी पोरीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि त्याच पावली जाऊन नवऱ्याच्या हातातून छिन्नी काढून घेतली.

"गरवार पोर घरात हाये. भिंतीले घाव घालाचा नाही. खिळाबी ठोकाचा नाही. बाळाले लागते."

"बाळ तिच्या पोटात हाये. भिंतीत नाही."

"तुम्हाले जास्त समजते का?"

समजत नव्हतं, त्यामुळे विषय संपला. मग त्यानं पुढच्या खोलीतून एक्स्टेन्शनची वायर ओढून टेबलफॅन लावला. पहिल्याच दुपारी सारिकाचा पाय वायरीत अडकला. तिनं चौकट धरली, काही झालं नाही. पण ही गोष्ट तिनं स्वप्नीलला फोनवर हसत सांगितली, आणि स्वप्नीलनं ती आपल्या आईला न हसता सांगितली.

तासाभरात विहीणबाईंचा, भिकुबाईंचा, रुपचंदला फोन; व्याह्याला त्या आपल्या अहिराणीत 'याही' म्हणायच्या. "याही, मी रविवारले येस. खोली देखस. आमना घर मा दोन कूलर शेतस. पोरनी सोय नही व्हस तर मी तिले लई जासु."

जमिनीवरून वायर न्यायची नाही, भिंतीत घालायची नाही. रुपचंदनं मग चिकटपट्टीनं भिंतीला वायर चिकटवली. एवढ्या वर्षांत एवढं हलक्या हाताचं काम त्यानं कुणाकडे केलं नव्हतं. सकाळी ती छान चिकटली. ऊन चढलं तसा पट्टीचा डिंक पातळ झाला, आणि वायर शांतपणे सरकत सरकत स्वयंपाकघराच्या दारावरून इंदिराबाईंच्या वरणात उतरली. वायरीत करंट नव्हता. तो इंदिराबाईंच्या बोलण्यात होता.

पुढच्या खोलीत पंखा आहे, तिथे झोपव तिला, असं कुणी म्हणेल. पण तिथे वायरींची भेंडोळी, होल्डर, जळालेल्या मोटरी आणि सकाळपासून गिऱ्हाइकं. शिवाय बाळंतिणीची खोली मागचीच असते. रात्री सगळी गल्ली गच्चीवर झोपायची, तर आठव्या महिन्यातली पोर लोखंडी शिडी चढणार कशी?

म्हणून स्वप्नीलनं हा पंखा मागवून पाठवला होता. मोठ्या प्रेमानं. मोबाइलवर लिहिलंही होतं, 'पप्पा, याला वायरमनची गरज नाही.'

रुपचंदनं तो मेसेज दोनदा वाचला होता.

*

पंखा हुकाला लावायला एक मिनिटही लागलं नाही. हेही त्याला आवडलं नाही. स्वप्नील व्हिडिओ कॉलवर होता.

"पप्पा, रिमोटवरचं पहिलं बटण दाबा."

"दाबलं."

"फिरला?"

"फिरू राह्यला." रुपचंदनं हे एखाद्याचा गुन्हा सांगावा तसं सांगितलं.

सारिका पलंगावर आडवी झाली, तिनं डोळे मिटले. कपाळावरची बट हलली. "पप्पा, गार वाटतंय," ती म्हणाली. ही बट याच खोलीत, याच हुकाखाली किती वर्षं नुसती चिकटून बसलेली त्यानं पाहिली होती. रुपचंद स्टूल उचलून बाहेर गेला.

दुपार भरात आल्यावर पंखा टिर्र असा बारीक आवाज करून थांबला.

आता गंमत अशी होती की पंख्याला वायर लागत नव्हती, पण पंख्याच्या बॅटरीला लागत होती. आणि मागच्या खोलीत तर वीजच नाही. तेव्हा वायर पंख्याकडे येऊ शकत नसल्यामुळे पंख्यानं वायरीकडे जायचं, असं ठरलं. पलंगावर स्टूल, स्टुलावर रुपचंद. तो पंखा काढायचा, छातीशी धरून पुढच्या खोलीत न्यायचा, खाटेवर निजवायचा आणि चार्जिंगला लावायचा. जेवढा वेळ तो फिरायचा त्याच्या तिप्पट वेळ निजायचा. धूळ बसू नये म्हणून इंदिराबाई त्याच्यावर जुनं लुगडं पांघरायच्या.

शेजारचे नवलभाऊ होल्डर न्यायला आले तर खाटेकडे पाहून आवाज खाली आणून म्हणाले, "कोन आजारी हाये?"

"पंखा."

"काय झालं त्याले?"

"अशक्तपना."

नवलभाऊ थोडा वेळ आदरानं उभे राहिले. मग म्हणाले, "रुपचंदभाऊ, आता हे बिनावायरचे पंखे निघाले म्हन्ता. मंग तुमचं काय काम राह्यलं?"

"उतरवाचं अन् चढवाचं," रुपचंद म्हणाला.

गिऱ्हाइकांचे फोन येतच होते. कुणाचा कूलर शॉक मारत होता, कुणाच्या पंख्याचा कंडेन्सर उडाला होता. जळगावात मे महिन्यात वायरमनला डॉक्टरपेक्षा जास्त फोन येतात, आणि लोक डॉक्टरशी जास्त बरं बोलतात. रुपचंद स्कूटरवर बसून जायचा, परक्या घरात पंखा गरागरा फिरवून यायचा आणि घरी येऊन स्टुलावर चढायचा. इलेक्ट्रिकच्या कामात पडून जे मोडलं नव्हतं ते आता मोडणार, असं त्याला पक्कं वाटायला लागलं होतं.

"पप्पा, राहू द्या ना," एकदा सारिका म्हणाली. ती दारात बसून पदरानं वारा घेत होती. "मी बसते अशीच. सवय आहे मला."

हे वाक्य त्याला लागलं. "तुझ्या सासूच्या घरी दोन कूलर हायेत म्हन्ता. जायाचं हाये का तुले?"

"गार आहे तिथं," सारिका म्हणाली. "पण मला इथं राहायचंय. तिथं सगळे चांगले आहेत, पप्पा. पण सकाळी जाग आली की आधी उठावंच लागतं. इथं मम्मी म्हणते, पडून राह्य."

रुपचंदनं मान हलवली आणि खाटेवरच्या पंख्याचं लुगडं जरा बाजूला करून दिवा पाहिला. लालच होता.

*

रविवारी सकाळपासून घरात पंखा जपणं सुरू झालं. रात्रभर चार्ज होऊन तो हुकाला लागला होता, पण सुरू करायचा नव्हता. विहीणबाई आल्यावर सुरू करायचा. रिमोट इंदिराबाईंनी देव्हाऱ्यात ठेवला. ज्या पोरीसाठी पंखा आणला ती पोर त्याच पंख्याखाली बसून पुठ्ठ्यानं वारा घेत होती आणि मधूनमधून वर पाहत होती.

"मम्मी, पाच मिनिटं तरी."

"दम धर. तुझ्याचसाठी हाये सगळं."

भिकुबाई भर दुपारी आल्या. पारोळ्याजवळ एसटीचा टायर बसला होता, त्यामुळे त्या आधीच तापलेल्या. हातात बिबड्यांचा, ज्वारीच्या पापडांचा, डबा. चहा नको म्हणाल्या, पाणी नको म्हणाल्या, सरळ मागच्या खोलीत गेल्या. रुपचंदनं आधीच रिमोटचं बटण दाबून ठेवलं होतं.

त्या पंख्याखाली उभ्या राहिल्या. मग पलंगावर बसल्या. भिंतीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, चारही कोपऱ्यांकडे पाहिलं.

"बटन कोठे शे?"

"नाही," रुपचंद म्हणाला.

"वायर?"

"नाही."

"तुम्ही वायरमन शेतस ना?"

तेवढ्यात गल्लीतली लाइन गेली. आसपासच्या घरांतले कूलर एकेक करत घरघरून थांबले, कुणीतरी विजेच्या ऑफिसला मोठ्यानं शिवी दिली, आणि त्या शांततेत एकच आवाज उरला, तो भिकुबाईंच्या डोक्यावरचा.

"लाइन गई ना?" त्या वर पाहत म्हणाल्या. "मंग हाऊ कसा फिरी राहिना?"

"फिरते तो," इंदिराबाई अशा सुरात म्हणाल्या, जणू तो पंखा त्यांनी पोटच्या पोरासारखा वाढवला होता.

बातमी गल्लीत गेली. नवलभाऊंची बायको आली, मग आणखी दोघीतिघी आल्या, आणि सगळ्या दाटीवाटीनं पंख्याखाली बसल्या. एवढ्या माणसांमुळे खोली आणखी तापली, पण कुणी उठेना. यथावकाश बायका गेल्या. भिकुबाई गेल्या नाहीत. त्यांनी पाय वर घेतले, पदर तोंडावर घेतला आणि झोपल्या. सारिका खाली चटईवर कुशीला वळली, तीही झोपली.

रुपचंद दारात उभा राहून पंख्याच्या पोटावरचा बारीक दिवा पाहत होता. हिरवा पिवळा झाला. पिवळा लाल झाला. लाइन अजून आली नव्हती, आणि आली असती तरी पंखा उतरवायचा म्हणजे विहिणीला उठवायचं. पाती मंदावली. आता एकेक पातं मोजता येत होतं. भिकुबाईंनी झोपेत मान खाजवली.

रुपचंदनं चप्पल काढली. पायाच्या बोटांवर आत गेला, पलंगावरच कडेला, विहिणीच्या पायांपासून हातभर अंतरावर स्टूल ठेवलं आणि चढला. टिर्र असा आवाज झाला तेव्हा त्याचं बोट पात्यावर पोचलेलं होतं. त्यानं पातं ढकललं. पुढचं आलं, ते ढकललं. मग त्याला लय सापडली. वारा फार येत नव्हता, पण येत होता. कोपरावरून घाम वाहत काखेत जात होता. हाताला रग लागली की तो हात बदलायचा.

"याही."

तोंडावरचा पदर बाजूला झाला होता. भिकुबाई झोपल्या झोपल्या त्याच्याकडे पाहत होत्या. किती वेळ, ते कळायला मार्ग नव्हता.

"काय करी राहिनात?"

"धूळ पुसू राह्यलो," रुपचंद म्हणाला.

त्यांनी पंख्याकडे पाहिलं. कालच खोक्यातून निघाल्यासारखा लख्ख होता. मग खाली चटईवर पाहिलं. सारिकाच्या कपाळावरची बट हळूच हलून थांबत होती.

"खाले उतरा," त्या म्हणाल्या. "पडशात."

संध्याकाळच्या एसटीनं त्या एकट्याच धुळ्याला परत गेल्या. निघताना इंदिराबाईंना एवढंच म्हणाल्या, "राहू द्या पोरले आठेच. बिबड्या तिले तयीसन द्या."

*

सारिकाला दवाखान्यात नेलं त्या दिवशी पारा एवढा चढला होता की पेपरवाले छापून दमले. मुलगी झाली. दोघी सुखरूप. इंदिराबाई तिथेच राहिल्या, आणि रुपचंदला म्हणाल्या, "तुम्ही इठी नुसते उभे राहून काय करता? घरी जा."

घरी आल्यावर त्याच्या लक्षात आलं. घरात आता गरवार बाई नव्हती.

त्यानं गव्हाच्या कोठीमागे लपवलेली छिन्नी शोधून काढली. फोन येत होते. "आज नाही जमनार. घरचं काम हाये," तो म्हणाला, आणि पलीकडचं गिऱ्हाईक जोक समजून हसलं. पोरगी घरी येईपर्यंत त्यानं भिंतीत झिरी मारली, पाइप घातला, वायर ओढली, प्लास्टर केलं. नवा बोर्ड बसवला, त्यावर रेग्युलेटर, आणि करंट आहे हे सांगणारा लाल दिवा. बिनवायरचा पंखा उतरवून खोक्यात घातला आणि हुकाला तीन पात्यांचा, भरदार, वायरीचा पंखा टांगला. एवढं सफाईचं काम त्यानं मेहरूणमध्ये कुणाकडे केलं नव्हतं. बटण दाबलं तसा लसणाचा जुना पाला कोपऱ्यातून उडून खोलीभर नाचला.

सारिका बाळाला घेऊन आत आली तेव्हा तो बोर्डाशी उभाच होता. त्यानं बटण दाबलं. पंखा फिरला. सारिकानं आधी पंख्याकडे पाहिलं, मग ओल्या प्लास्टरच्या पट्ट्याकडे, मग त्याच्याकडे. ती काही बोलणार होती.

"बंद करा!" इंदिराबाई दारातून ओरडल्या. "बाळंतिणीले वारं लागते!"

"अगं पन..."

"कानात वारं भरलं का जलमभर डोकं दुखते तिचं. कापूस कुठी हाये? अन् खिडकी काबरं उघडी?"

बाळाला पाहायला आलेल्या भिकुबाई मागून म्हणाल्या, "बराबर शे. बायतीनले वारा लागाले नको." दोघी विहिणींचं एखाद्या गोष्टीवर एकमत होण्याची ही लग्नानंतरची पहिलीच वेळ. सारिकाच्या कानात कापूस गेला, डोक्याला स्कार्फ बांधला गेला, खिडकी लागली, आणि पलंगाखाली शेगडी सरकवण्यात आली.

बारशानंतर इंदिराबाईंनी वर बोट दाखवलं. "तो काढा. झोळी कुठी बांधू मंग?"

"दुसरा हुक टाकून देतो. घंटाभराचं काम."

"बाळ झोपेल हाये. ठोकठोक करू नका."

म्हणजे आधी वायरीशिवाय पंखा होता, आता पंख्याशिवाय वायर होती. छतातून दोन टोकं लोंबत होती, त्यांना रुपचंदनं नीट पट्टी गुंडाळली. तो पंखा खाटेखाली गेला. हुकाला इंदिराबाईंच्या मऊ लुगड्याची झोळी लागली.

त्या दुपारी घरात सगळे पडले होते. इंदिराबाई स्वयंपाकघरात गार फरशीवर झोपल्या होत्या. रुपचंद मागच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर भिंतीला टेकून बसला होता, झोळीची दोरी हातात. ओढायची, सोडायची. बाळ केव्हाच झोपलं होतं. त्यानं दोरी सोडून खिशातला वाजणारा फोन काढला.

"पप्पा," आतून सारिकाचा आवाज आला. स्कार्फ बांधलेलं डोकं, कानात बोळे, गळ्याभोवती घामाच्या धारा. "थांबू नका ना."

"झोपली ती."

"माहितीये. इकडे जरासं वारं येतं."

रुपचंदनं स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. घोरणं नीट चालू होतं. फोन वाजतच होता. त्यानं तो पालथा करून मांडीखाली दाबला.

"पप्पा, जरा वाढवा ना."

समोरच्या भिंतीवर नव्या बोर्डाचा लाल दिवा, करंट आहे म्हणून सांगत होता. रुपचंदनं दोरीला हाताभोवती आणखी एक वेढा दिला आणि ती लांबवर ओढली.